पार्बताबाईची पट्टी

आमच्या ड्रेसिंग रूमला दार होतं, पण आतला वास त्या दाराला जुमानत नसे. नवीन बदलून आलेली नर्स सुरुवातीला नाकाला रुमाल लावायची, मग रुमाल घरी विसरायची आणि पुढे तिथंच एका कोपऱ्यात बसून डबा खायची. माझंही तेच झालं. मी नोकरीभर नर्स होते, बाळंतपणं केली, लसी टोचल्या, रात्रपाळ्या केल्या. पण तुमसरमध्ये आज मला ओळखतात ते 'पायवाली शिष्टर' म्हणून. परवा एका लग्नात मी जिलबी ताटात घेते न घेते, तोच एका गृहस्थांनी पंगतीतच पँट वर ओढली. "शिष्टर, पाहा बरं. भरला ना घाव पुरा?" मी ताट खाली ठेवलं, चष्मा लावला आणि पाहिलं. पुरा भरला होता. मग आम्ही दोघांनीही जिलबी खाल्ली.

न भरणारी पायाची जखम काय चीज आहे, हे ज्याच्या घरात ती नाही त्याला कळत नाही. साधी जखम होते, खपली धरते, पडते, माणूस विसरून जातो. ही मात्र विसरू देत नाही. महिनोन्‌महिने, कोणाकोणाची तर वर्षानुवर्षं वाहत राहते. कपडे ओले होतात, माश्या येतात, माणसं बाजूला सरकून बसतात. आणि या जखमेचं म्हणजे असं, की येणारा-जाणारा त्यात काहीतरी टाकूनच जातो. हळद, चुलीतली राख, तंबाखूचं पाणी, गोळ्या कुटून केलेली भुकटी. सेल फोडून त्यातली काळी पूड भरलेला एक पाय मी स्वतः धुतलाय. धुतलेलं पाणी मोरीतून जाईना.

जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळं झालं, त्यानंतर काही वर्षांनी डॉ. कापगते मॅडम आमच्या दवाखान्यात सर्जन म्हणून आल्या. साकोलीकडच्या, धानवाल्या घरातल्या. त्यांनी आल्या आल्या आम्हाला सांगितलं, "जखमेकडं नंतर पाहा. आधी पाय पाहा." तोवर आम्ही जखमेलाच दुखणं समजून धूत होतो. मॅडम पेशंटला समजावताना पाटाच्या पाण्याचं उदाहरण द्यायच्या, आणि इथल्या माणसाला दुसरं काही सांगावं लागत नसे. काळजातून रक्त खाली पायापर्यंत पाटानं येतं. परत वर जायला मात्र त्याला चढ असतो. पोटरीचे स्नायू ते ढकलतात आणि शिरांमधल्या बारीक झडपा ते मागे येऊ देत नाहीत. या झडपा ढिल्या झाल्या, की रक्त घोट्यापाशी साचतं, बांधीतलं, म्हणजे भातखाचरातलं, पाणी न निघता साचून धान सडावं तसं. पाय सुजतो, कातडी काळपट पडते, खाज सुटते, आणि एक दिवस खाजवता खाजवता तिथं भोक पडतं. पायाच्या जुनाट जखमांत अशाच जखमा सगळ्यात जास्त.

पण कधी उलटंही असतं. साचलेलं काही नसतं, पाटच चोंदलेला असतो. शेवटच्या बांधीला पाणीच पोचत नाही. तिथली जखम वेगळी, तिचा उपाय वेगळा. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही जखमाच. या एवढ्याशा फरकावरून पुढे काय झालं तेच मला सांगायचं आहे. पण त्याआधी दोन माणसं आठवतात, ती वगळून पुढं जाववत नाही.

एक म्हणजे तुमसरचे धानाचे व्यापारी. त्यांना जुनी साखर होती आणि साखरेनं पायाची जाणीव गेलेली. तळव्याला जखम घेऊन आले. "लागलं कशानं?" विचारलं तर म्हणाले, "कुछ लगाही नहीं सिस्टर, अपने आप झालं." मी त्यांचा बूट उलटा करून झटकला तर अख्खी सुपारी टणकन फरशीवर पडली. दिवसभर ती पायाखाली घेऊन सेठ मंडीत फिरले होते. सुपारी उचलून पाहत म्हणाले, "अरे! सकाळी मी हीच शोधून राहिलो होतो." जखम भरेपर्यंत त्या पायावर भार द्यायचा नाही, हे त्यांना पटवायला जखम धुण्यापेक्षा जास्त वेळ लागला. तेव्हापासून मी साखरेच्या प्रत्येक पेशंटला सांगत आले, बूट घालायच्या आधी त्यात हात घालून पाहा.

दुसरी कोंढ्याची एक बाई. तुमसरला येण्याआधी मी पवनीकडे होते, तेव्हाची. पायावर कितीतरी वर्षांचा जुना घाव. ती आली तेव्हा जखमेच्या कडा वर उचलून फुलकोबीसारख्या झाल्या होत्या. तुकडा तपासायला पाठवला, कॅन्सर निघाला. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. बाई वाचली, नकली पायावर चालू लागली, पण ड्रेसिंग करताना मी तिला विचारलं होतं, "इतके दिवस कोणाला दाखवलं काहून नाही?" तर म्हणाली, "दाखवाव कोणाले? पाय तं लुगड्याखाली." माझ्या कामाचं काही दुःख उरलं असेल तर ते हे. ज्यांनी दाखवलं त्यांचे पाय मी पाहिले. लुगड्याखाली राहिले ते किती, कोणाला माहीत.

आता पार्बताबाई.

पार्बताबाई लग्नाकार्यात लांब पोळ्या करायची. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते, ही पोळी लाटत नाहीत. सैल कणीक आपटून आपटून तार सुटेपर्यंत मळायची, गोळा दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर अलगद पांघरायचा. पार्बताबाईची पोळी पातळ इतकी, की पलीकडचा माणूस दिसावा. पण हे सगळं उभ्यानं. सकाळी चुलीसमोर उभी राहिली की पंगती उठेपर्यंत. आणि डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला तळहाताएवढी जखम.

ती पहिल्यांदा आली तेव्हा दारातूनच म्हणाली, "जय भीम शिष्टर. मी आत येतो, पण आधी खिडकी उघडा." स्वतःच्या वासाची अशी सूचना देणारा पेशंट मी दुसरा पाहिला नाही. मग स्टुलावर बसून म्हणाली, "लोक आता मले बलावत नाईत. म्हणते, बाईच्या हाताले चव हाय, पण पायाले वास हाय. मी म्हणलं, बाप्पा, मी पोळी काही पायानं थोडीच करतो!"

मॅडमनी तिचा पाय पाहिला. फुगलेल्या निळ्या शिरा, सूज, काळपट कातडी. मग पावलाच्या वरची नाडी बोटांनी चाचपली आणि छोट्या यंत्रानं ऐकली. हाताचा आणि घोट्याचा रक्तदाबही मोजला. रक्त खाली नीट येत होतं. वर जात नव्हतं. "हिला पट्टी," मॅडम म्हणाल्या.

ही पट्टी म्हणजेच खरं औषध. जखम साध्या सलाईननं धुवायची, वर चिकटणार नाही अशी जाळी, कापूस, आणि त्यावर पायाच्या बोटांपासून गुडघ्याच्या खालपर्यंत ताणाची पट्टी. घोट्याशी घट्ट आणि वर जाताना थोडी थोडी सैल. ढिल्या झडपांचं काम ती पट्टी करते. सोबत चालायचं, बसल्या बसल्या पंजा वरखाली हलवायचा, झोपताना खाटेच्या पायथ्याखाली विटा. मी पार्बताबाईला सांगितलं, "आता पावडर नाही, हळद नाही, काही नाही." ती म्हणाली, "मंग मी काय टाकू?" म्हटलं, "काहीच टाकू नका." यावर तिचा विश्वास बसायला वेळ लागला. पण सूज उतरली, वास गेला, आणि जखमेच्या कडेनं नवी गुलाबी कातडी आत सरकू लागली. मग तिनं विश्वास ठेवला तो असा ठेवला, की बाकावरच्या प्रत्येकाला ती पट्टीचं महत्त्व सांगू लागली.

त्याच बाकावर देवाजी बसायचे. चिखल्याचे. मँगनीजच्या खाणीत जन्म गेलेला, बोलणं कमी, खिशात बिडीचा कट्टा. उजव्या पायाच्या करंगळीजवळ जखम. लहानशीच, पण खोल, कडा कापल्यासारख्या, तळ फिका. पाय गार, चकचकीत, केस झडलेले. थोडं चाललं की पोटरी आवळून यायची आणि थांबावं लागायचं. झोपताना पाय खाटेखाली लोंबत सोडला तरच त्यांना जरा बरं वाटे. मॅडमना पावलावर नाडी लागली नाही. यंत्रातही कशीबशी कुजबुज आली.

"देवाजी, तुमच्या पायाला रक्तच पोचत नाही," मॅडमनी सांगितलं. "बिडीनं नळ्या चोंदल्या आहेत. नागपूरला जाऊन तपास करावा लागेल. रस्ता मोकळा करता येतो."

"नागपूरले गेलं की पाय कापते," देवाजी म्हणाले. "आमच्या लाइनीतल्या दोघायचा कापला."

"ते उशिरा गेले म्हणून."

"मी जाईन. दिवाळी होऊ द्या."

दिवाळी झाली. मग धान कापणी. देवाजी दर खेपेला जखम धुवून घ्यायचे आणि नागपूर पुढं ढकलायचे. शेजारी पार्बताबाईची जखम मात्र अधेलीएवढी, आठ आण्याच्या नाण्याएवढी, उरली. एके दिवशी त्यांनी मला सरळच विचारलं, "शिष्टर, बाईले पट्टी, मले नाई. काहून?"

मी समजावलं. तुमची जखम वेगळी, तुम्हाला पट्टी बांधली तर आहे तेवढंही रक्त अडेल. त्यांनी मान हलवली. आजवरच्या अनुभवानं सांगते, पेशंटनं लगेच मान हलवली की समजावं, पटलेलं नाही.

त्यानंतर दुसऱ्याच दिवशी पार्बताबाई ड्रेसिंगला आली ती खुशीत. पाय पुढं करता करता म्हणाली, "कालच्याले मी पुण्याचं काम केलं, शिष्टर. देवाजी लिंबाखाली बसून रडकुंडीले आलता. म्हणे, मले कोणी पट्टी नाई बांधत. माह्याजवळ धुतलेली जुनी होती. देल्ली बांधून. मस्त कसून!"

मी चिमटा ट्रेमध्ये ठेवून उठले.

"काय झालं जी?"

"पार्बताबाई, त्याचा पाय जाईल."

मी धावत मॅडमकडे गेले. चिखल्याच्या वसाहतीत किराणा दुकानात फोन होता, त्याचा नंबर देवाजींच्या कागदावर होता. मी फोन लावला आणि दुकानदाराला म्हटलं, धावत जाऊन देवाजीच्या बायकोला आणा. ती येईपर्यंत मी फोन धरून उभी, आणि पार्बताबाई अर्धवट ड्रेसिंग केलेल्या पायानं माझ्यामागं उभी.

"वयनी, मी तुमसरहून शिष्टर बोलते. देवाजींच्या पायाची पट्टी सुटली का?"

"नाई जी. लय ठणकून रायला पाय. म्यां म्हणलं सोडा, तं म्हणते बाईले बी पहिले ठणकलंच असन. दवा लागू होऊन रायली म्हणते."

"आत्ताच्या आत्ता सोडा. त्यांनी नाही म्हटलं तरी सोडा. पाय वर ठेवू नका, खाली सोडून बसवा. ढिल्या फडक्यानं झाका, पण शेक देऊ नका. आम्ही निघतोच."

मॅडमनी गाडी सांगितली. मी बसले, तर पार्बताबाई आधीच आत बसलेली. "उतरा," म्हटलं. ती उतरली नाही.

आम्ही पोचलो तेव्हा देवाजी खाटेवर पाय सोडून बसले होते. पट्टी बायकोनं विळ्यानं कापून काढली होती. पाय पांढरट निळा, करंगळी काळी पडत चाललेली. मी पावलाला हात लावला, तर बोडीतल्या, शेततळ्यातल्या, पाण्यासारखं गार. मॅडमनी यंत्र लावलं. बराच वेळ काही नाही. आम्ही सगळे त्या यंत्राकडं कान लावून. मग कुठूनतरी खूप दुरून, फुस्स फुस्स असा बारीक आवाज आला.

"आहे," मॅडम म्हणाल्या. "अजून आहे. देवाजी, आता दिवाळी नाही आणि होळी नाही. हीच गाडी नागपूरला जाते."

देवाजींनी पायाकडं पाहिलं. एवढे दिवस त्यांना भीती नागपूरची वाटत होती, पायाची नव्हे. ती त्या खाटेवर बसल्या बसल्या फिरली. "चाला," म्हणाले. खिशातला बिडीचा कट्टा काढून बायकोच्या हातात दिला. तिनं तो तिथल्या तिथं चुलीत घातला.

नागपूरच्या डॉक्टरांनी मांडीतल्या चोंदलेल्या वाहिनीला वळसा घालून रक्ताला नवी वाट काढून दिली. करंगळी गेली. पाय राहिला.

पण इकडं पार्बताबाई यायची बंद झाली. निरोप पाठवला, आली नाही. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मीच तिच्या घरी गेले. ती ओसरीत बसली होती, पाय उघडा. पट्टी काढून टाकलेली. सूज परत आली होती आणि अधेलीएवढी जखम पुन्हा पसरली होती.

"हे काय करून बसलात?"

"मले नाई पायजे ती पट्टी. हात लावाची हिंमत नाई होत. म्यां एका माणसाचा पाय खाल्ला, शिष्टर."

"पाय आहे त्यांचा. करंगळी तशीही जाणार होती."

"तुमी म्हणानच."

मी तिचा पाय धुतला, पट्टी बांधली. ती बांधू द्यायची, पण मी पाठ वळवली की सोडायची. रागावले, लाडीगोडी केली, मॅडमना घेऊन गेले. व्यर्थ. पेशंटला पटवण्याची माझी सगळी हत्यारं तिच्यापुढं बोथट झाली. लग्नसराई जवळ आलेली आणि बाईची जखम तळहाताएवढी व्हायच्या वाटेवर.

मग एका दुपारी देवाजी दवाखान्यात आले. हातात शिंगाड्याची पिशवी. चेहऱ्यावर रंग, तोंडात बिडीऐवजी बडीशेप. त्यांचा पाय पाहून मॅडम खूश झाल्या. जखम भरत आली होती. देवाजींनी बाकावर नजर टाकली आणि विचारलं, "बाई कोठी हाय?"

मी सांगितलं. ते ऐकताच म्हणाले, "चाला." मी ड्रेसिंगची पिशवी उचलली.

पार्बताबाई आम्हाला पाहून उठून आत जाऊ लागली. देवाजी ओसरीतच बसले आणि चप्पल काढून पाय पुढं केला.

"बाई, रामराम. बस अठी."

ती बसली, पण तोंड भिंतीकडं.

"तूनं पट्टी बांधली म्हून मी नागपूरले गेलो. नाई तं मी बसूनच रायलो असतो, आज जातो उद्या जातो करत. मॅडमनं सांगतलं, शिष्टरनं सांगतलं, मी आयकलं का? तुह्या पट्टीनं आयकवलं."

"चांगलं म्हणून नोका जी. म्यां चूक केली."

"केली ना. मी बी केली. मीच मांगतली होती. आता पाय पाह्य. हात लाव."

ती हात लावेना. त्यांनी तिचा हात धरून पावलावर ठेवला. पार्बताबाईनं काही क्षण हात तसाच ठेवला, मग दुसराही ठेवला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "शिष्टर! गरम हाय!" आणि पदरात तोंड घालून रडायला लागली.

देवाजींनी तिला रडू दिलं. मग माझ्या पिशवीतून पट्टीचा गुंडाळा काढला आणि म्हणाले, "आता तुहा पाय काढ. तू माह्या पायाले बांधली, आता मी तुह्या पायाले बांधतो. शिष्टर पाहून रायली, घाबरू नोको."

तिची जखम पुढं भरली, लग्नसराईत ती उंच स्टुलावर बसून पोळ्या करू लागली, पायात डॉक्टरी मोजे घालू लागली, हे सगळं झालं. पण मला ती दुपारच जास्त आठवते. मी जखम धुतली, जाळी लावली, कापूस ठेवला आणि बाजूला सरकले. देवाजींनी जन्मभर खाणीत दगड उचललेले आपले जाड हात पुढं केले आणि मोठ्या काळजीनं पट्टीचं टोक बाईच्या गुडघ्याखाली ठेवून तिथून गुंडाळायला सुरुवात केली.

मी काही म्हणणार, तेवढ्यात पार्बताबाईनं पदर तोंडावरून काढला. डोळे अजून वाहतच होते.

"अवो बाप्पा, वरून कायले सुरू करता जी!" कित्येक दिवसांनी तिचा तो आवाज अख्ख्या गल्लीनं ऐकला. "बोटापासून, देवाजी, बोटापासून! आना अठी, मीच बांधतो."